दहा बाय सहा

सकाळी सहा

ट्रॉली सहाला दारात येणार होती, आली सव्वासातला. मालकाला तरी काय बोलणार? मिरग निघालाय, आभाळ रोज तोंड दाखवून जातंय, आणि गंगाखेडच्या शिवारात ज्याच्याकडं ट्रॉली आहे त्याला या दिवसांत खत-बियाणं आणायचंच असतं. तळाला डीएपीचे दाणे सांडलेले. खत ओल धरतं आणि पत्रा खातं, म्हणून बारक्यानं आधी ती झाडून धुतली. तोवर मी चहा घेतला आणि दुकानाच्या फरशीवर खडूनं ट्रॉली काढली. लांबी दहा फूट, रुंदी सहा, बाजूचे पत्रे दोन फूट उंच.

दिंडी निघायला आठ दिवस आहेत. चालणाऱ्यांचं सामान ट्रॉलीत जातं आणि रात्री शाळेच्या ओसरीत, देवळात, नाहीतर कुणाच्या खळ्यावर पथारी पडते. तरण्यांचं भागतं. पाच म्हाताऱ्या आहेत, त्यांना आषाढातल्या पावसात कोरडी जागा पाहिजे. जनाबाईच्या गावाहून पंढरपूरला जायचं म्हणजे त्या थांबणार नाहीतच, मग त्यांच्या झोपेचं बघायला नको का? दिवसा सामान, रात्री म्हाताऱ्या, अशी ट्रॉली करायची. मालकाची अट होती की कायमचं काही नको, दिवाळीनंतर तिच्यात ऊस भरायचाय. माझी अट वेगळी. ट्रॉली चालत असताना आत एकही माणूस बसणार नाही.

साडेसात

पाइपाचा हिशोब. पाइप वीस फुटी येतो आणि कापताना उरलेला तुकडा म्हणजे माझा तोटा. सहा फुटांवर दीड फूट उंचीची कमान टाकली तर कमानीला सात फूट पाइप जातो. दोन्हीकडं दीड-दीड फुटाचे पाय. झाले दहा. म्हणजे एका पाइपात दोन कमानी, तुकडा शून्य. अडीच-अडीच फुटांवर पाच कमानी; तिसऱ्या पाइपाचा उरलेला अर्धा दहा फुटी, तो मधला आडा. चौथ्या पाइपाचे दोन दहा फुटी तुकडे बाजूंना. असा हिशोब जुळला की माझा दिवस बरा जातो, वेल्डिंग कसंही होवो.

आडा विसरायचा नाही. मागं एका ऊसतोडीच्या टोळीला नुसत्या कमानी करून दिल्या होत्या. दोन कमानींच्या मधे ताडपत्रीची झोळी झाली, तिच्यात पावसाचं पाणी साचलं आणि पहाटे ते सगळं पोराच्या अंगावर. ती चूक माझी होती.

साडेआठ

पाइप काळाच घेतला. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप गंजत नाही, पण तो जाळला की पांढरा धूर निघतो, आणि तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. तरुणपणी दोनदा भरलाय. लालपेंट दोन हात मारला की काळा पाइपही पाच-सहा वर्षं जातो.

पाय बसवायला सव्वा इंची पाइपाचे सहा-सहा इंची दहा तुकडे कापले आणि पत्र्याच्या बाहेरून, वरच्या काठाला लागून वेल्ड केले. कमानीचा पाय वरून त्यात उतरतो, खाली आडवा बोल्ट. ऊस भरायच्या वेळी बोल्ट काढला की दोन माणसं अर्ध्या तासात सगळं उचलून ठेवतील. आत तळापासून एक फुटावर अँगलही टाकला. त्याच्यावर फळ्या, फळ्यांच्या खाली सामान. बारा नंबरची काडी, करंट कमी. पत्रा पातळ आहे, जास्त ठेवला तर भोक पडतं.

मालक बसून बघत होते. म्हणाले, "दिवाळीनंतर ह्याच कमानी जमिनीत रोवल्या तर कोपी होतीय की." होते. तोडीला गेलेली आमच्याकडची माणसं चार-पाच महिने चटईच्या आणि पाचटाच्या कोपीत काढतात, आत शिरताना वाकावं लागतं. पण ह्या कमानीचे पाय दीड फुटी आहेत, माणूस आत रांगणार का? त्याला वेगळे लांब पाय लागतील. दिवाळीला बघू म्हटलं.

अकरा

लाइट गेली.

दुपारी दोनपर्यंत

लाइट नसली तरी वाकवायचं काम अडत नाही. फरशीवर पावणेचार फुटाच्या दोरीनं कमान आखली आणि त्या रेघेवर जुन्या चॅनलला खुंटे ठोकून साचा केला. पाइपात गोदावरीची वाळू, चाळून, कोरडी, ठासून. दोन्ही तोंडांना लाकडी बुचं. वाळू नसली तर पाइप वाकताना पोटात चेपतो. साचा आखलेल्या रेघेपेक्षा थोडा आवळून घ्यावा लागतो, कारण हात काढला की पाइप जरा माघारी येतो. किती, ते पाइपावर असतं. पहिली कमान पाऊण इंच मोकळी आली, खुंटे सरकवले, दुसरी बसली. पाचवी होईपर्यंत बारक्याच्या तळहाताला फोड आला होता आणि मला भूक लागली होती. भाकरी, पिठलं, ठेचा.

मग प्लायवूड. आठ बाय चारचे दोन तक्ते. प्रत्येकातून सहा बाय चारचा एक तुकडा काढला, ट्रॉलीच्या रुंदीत आडवे टाकले, आठ फूट झाकले. उरले दोन बाय चारचे दोन. त्यातला एक अख्खा आणि दुसऱ्याचा अर्धा जोडून शेवटचे दोन फूट भागले. शिल्लक राहिला दोन बाय दोनचा चौकोन. तो भिंतीला टेकवून ठेवला. फेकायला जीव होत नव्हता आणि तो लागेल असंही वाटत नव्हतं.

तीन

लाइट आली. कमानी उभ्या केल्या, आडा आणि बाजूचे पाइप नटबोल्टनं जोडले. फळीपासून कमानीच्या पोटापर्यंत साडेतीन फूट. म्हातारी माणसं मांडी घालून बसतील, पदर सावरतील, एवढं पुरे. आडव्या झोपल्या तर प्रत्येकीला दोन फूट.

बारका मागच्या टोकावर चढून उड्या मारायला लागला, तेव्हा मी ओरडलो. ट्रॅक्टर सोडलेली दोन चाकांची ट्रॉली म्हणजे बैलगाडीच. मागं वजन आलं की उलाळ होते, पुढची दांडी वर. एकदा माझ्या समोर चार गडी मागं बसले आणि ट्रॉलीनं त्यांना अलगद जमिनीवर ओतलं. हसलो तेव्हा, पण झोपेतल्या म्हाताऱ्यांना हसता येणार नाही. म्हणून मागच्या दोन्ही कोपऱ्यांना खाली सरकणारे पाय बसवले, पाइपात पाइप आणि मधे पिन. पाय टेकवल्याशिवाय कुणी चढायचं नाही, आणि चाकांना दगड.

साडेचार

बारा बाय अठराची ताडपत्री. कमानींवर आधी जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या, नाहीतर वाऱ्यानं हलून हलून कापड पाइपावर घासतं आणि पंढरपूर यायच्या आधीच फाटतं. दोन्ही बाजूंना ताडपत्री गुंडाळून वर बांधता येईल अशा दोऱ्या. तिच्या आतून शेडनेट आणि मच्छरदाणीचं कापड.

मालक म्हणाले, चहूकडून गच्च बंद करा, पाऊस आत येऊ नाही. मी ऐकलं नाही. पाच माणसं रात्रभर श्वास सोडतात. ती वाफ गार ताडपत्रीला लागते आणि पहाटे आतल्या आत पाऊस पडतो. म्हणून पुढं-मागं वरच्या अंगाला वीतभर फट, तिच्यावर छज्ज्यासारखी झाप. चूल, स्टोव्ह, शेगडी, काहीही आत नाही, हे तर दोनदा सांगितलं.

नळीनं दहा मिनिटं पाणी मारलं. एका कोपऱ्यात गळलं. शिवण होती, तिच्यावर पट्टी चिकटवली. मागं लाल, पुढं पांढरी चमकपट्टी लावली.

सात

दिंडीतली आजी नातवाच्या मोटारसायकलवर बसून बघायला आली. सत्तरी ओलांडलेली, गळ्यात तुळशीची माळ. मी मोठ्या उत्साहानं कमान, आडा, झाप, सगळं दाखवलं. तिनं ऐकून घेतलं. मग आमच्या दोघांच्या आधारानं वर चढली, फळीवर बसली, म्हणाली, "लाव फाळका."

लावला. दोन्हीकडच्या खिट्ट्या खाली पाडल्या.

"आता रातच्याला मला बाहेर जायचंय. आतून कसं उघडू?"

मी खिट्टीकडं बघितलं. ट्रॉलीचा फाळका बाहेरून उघडतो. सोयाबीन, ऊस, खत, कुणालाच कधी आतून उघडायची गरज पडली नव्हती.

"आन उतरू कशी? कामून बोलत नाहीस, लेकरा?"

जमिनीपासून फळी चार फूट. मला पाइपाचा इंच न इंच ठाऊक होता.

आठ

फाळका कापायला मालक तयार नव्हते, धान्य सांडेल, आणि त्यांचं बरोबर होतं. मग रात्री फाळका उघडाच सोडायचा ठरलं. त्याच्या जागी फळीपासून फूटभर उंचीवर एक आडवा पाइप, एका टोकाला बिजागरी, दुसऱ्या टोकाला आतून साखळी आणि कडी. झोपेत कुणी लोळलं तरी अडेल, आणि हात घातला की निघेल. शेवटच्या कमानीला उजव्या हाताला धरायला मूठ वेल्ड केली.

भिंतीचा तो चौकोन मधून कापला, दोन पायऱ्या झाल्या. तिसरी, सगळ्यात खालची, जाळीच्या पत्र्याची. चिखल तिच्यावरच पुसला जाईल. शिडी आकड्यांवर अडकवली. सकाळी काढून सामानाबरोबर आत.

साडेनऊ

आजी दोनदा उतरली, दोनदा चढली. मग म्हणाली, दिवा घालव. बारक्यानं दुकानातला बल्ब बंद केला. अंधारात साखळी वाजत राहिली, पाइपावर हात फिरत राहिला, कडी काही सापडेना. दिवा लावून मी कडीला पांढऱ्या चिंधीची गाठ मारली.

"पुन्हा घालव," ती म्हणाली.