साडेसहा किलोचा कटर

ऊस सोडून आज जरा वेगळं बोलू. अंबड तालुक्यातील आपल्या एका सभासदाच्या कोठीत, पोत्यात गुंडाळलेलं एक जुनं करवतयंत्र आहे. घरात त्याला नुसतं ‘कटर’ म्हणतात. जालन्याच्या सळई कारखान्यांकडे जाणाऱ्या भंगारात ते सापडलं. अंग मॅग्नेशियमचं, पोलादाच्या भट्टीला त्याचा काय उपयोग? दुकानदाराने बाजूला टाकलं, आपल्या गड्याने किलोवर उचललं. पट्टी-साखळीसकट भरलं साडेसहा किलो.

साडेसहा किलो म्हणजे काय, ते जुनं वजन ऐकल्यावर कळतं. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवरची साखळी-करवत केली, ती ४८ किलोंची. धरायला दोन गडी. त्यांचंच १९५९ सालचं ‘कॉन्ट्रा’ १२ किलोंवर आलं, आणि ते एकट्याने चालवायचं. पुढे मॅग्नेशियमच्या ओतकामाने वजन आणखी उतरलं. कार्बोरेटरही बदलला. लूना आडवी पडली की बंद व्हायची, कारण आत फ्लोट. ह्यात डायफ्रॅम असतो. यंत्र तिरपं धरा, आडवं धरा, चालतंच.

साखळीच्या दातांची गोष्ट तर हुमणीने बेजार झालेल्या शेतकऱ्याने ऐकावीच. अमेरिकेतल्या ऑरेगॉनमधल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ साली एका बुंध्यात भुंगेऱ्याची अळी डावी-उजवीकडे लाकूड कुरतडताना पाहिली. तिच्या जबड्यावरून त्याने दात घडवले. १९४७ पासून ती साखळी विकली जाऊ लागली. अळीनेही कुणाचं भलं केलं म्हणायचं!

आपल्या सभासदाने हे यंत्र घेतलं ते मात्र हौसेने नव्हे. २०१२ च्या दुष्काळात वडिलांनी लावलेली मोसंबीची बाग वाळली. टँकर आणून पाहिले, नाही वाचली. कुऱ्हाडीने महिना गेला असता, कटरने चार दिवसांत रान मोकळं झालं. “थोडं सावकाश झालं असतं तर बरं वाटलं असतं,” एवढंच ते बोलले. आज त्या रानात ऊस आहे.

परवा मात्र कटर सुरूच होईना. फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने उघडला, तर डायफ्रॅम कडक झालेला, नळी फुगलेली. कारण हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला सोसत नाही, शिवाय हवेतलं पाणी ओढतं. आणि इथेनॉल येतं कुठून? इतर गोष्टींबरोबर उसाच्या रसातून अन् मळीतूनही. म्हणजे आपल्याच मालाने आपलंच यंत्र बसवलं!

मिस्त्रीने नवा डायफ्रॅम आणि इथेनॉलला टिकणारी नळी बसवली. काम संपलं की टाकी रिकामी करायची, मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, असं बजावलं. जुन्या यंत्राला साखळीचा ब्रेक नाही, तेव्हा पट्टीचं टोक लाकडाला लागू द्यायचं नाही. यंत्र उसळून थेट तोंडावर येतं. हे ज्याच्या घरी असा कटर असेल त्याने पोराबाळांनाही सांगावं.

तिसऱ्या ओढीला इंजिन धरलं. बांधावरची वादळात पडलेली लिंबाची फांदी कापून झाली, टाकी रिकामी केली आणि कटर पुन्हा पोत्यात गेला.