एक्का-गुलाम आणि पहिली खुर्ची

टेंभुर्णीचा एक पोरगा पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर पत्ते वाटतो. सुट्टीला गावी आला की पारावर त्याच्याभोवती कोंडाळं जमतं. नट्या येतात का, पैसा किती उडतो, हे विचारून झालं की तो खरा किस्सा काढतो.

"आपल्याकडचा माणूस मी दुसऱ्या डावाला ओळखतो," तो म्हणतो. नऊ जणांचं पोकरचं टेबल. बटणाच्या, म्हणजे वाटपाची पाळी दाखवणाऱ्या चकतीच्या, पुढचे दोघं पत्ते बघायच्या आधीच ब्लाइंड भरतात आणि त्यांच्या डावीकडचा पहिला बोलतो. त्या खुर्चीत मराठवाड्यातला एक गडी, हातात एक्का-गुलाम. ठोकला रेज! सगळे पॅक, बटणावरच्या एका शांत म्हाताऱ्याने तेवढा कॉल केला. मधे उघडले एक्का, सात, दुर्री. गडी लावतच गेला, शेवटी होतं नव्हतं ते आत. म्हाताऱ्याकडे एक्का-राणी निघाली. वाटणाऱ्याला तोंड उघडायची मुभा नसते; चिप्स सरकवायच्या, बस.

पहिल्याच खुर्चीतून ठोकायची ही खोड तिर्रटची, म्हणजे तीन पत्तीची. तिर्रटमध्ये पत्ते न बघणाऱ्याची चाल निम्म्या पैशांत होते, बघणाऱ्याला दुप्पट लागतात. त्यामुळे पुढे बसून ब्लाइंड दामटणारा स्वस्तात राहतो आणि मागच्यांनाच घाम फुटतो. पोकरमध्ये अशी सवलत नाही. पहिल्या खुर्चीत तुम्ही पूर्ण भाव मोजता, आणि मागचे आठ जण तुमचा डाव बघून मगच ठरवतात. हातात एक्का-गुलाम असताना त्या आठांत कुणाकडे तरी एक्का-राजा, एक्का-राणी किंवा गुलाम अथवा त्याहून मोठी जोडी असण्याची शक्यता सुमारे 24 टक्के. हेच पत्ते बटणावर आले आणि मधले सगळे पॅक झाले, तर मागे दोघंच उरतात. मग ती 7 टक्क्यांच्या आत येते.

म्हणून सराईत माणूस पहिल्या खुर्चीतून दहातले आठ-नऊ हात फेकतो. मोठ्या जोड्या, एक्का-राजा असं काही आलं तरच बोलतो, आणि रेज दर वेळी तेवढाच ठेवतो. एक्क्यांच्या जोडीला जास्त आणि बाकीच्यांना कमी लावणारा गिऱ्हाईक, पोरगा सांगतो, तासाभरात सगळ्या टेबलाला पाठ होतो. मला विचाराल तर सगळ्या किस्स्यात हेच लाखमोलाचं.

"मोबाइलवर शिकता येईल का रे?" कुणीतरी विचारतंच. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये बंदीचा कायदा केला. पोकरही त्यात आलं. पोळ्याला शेतात बसावं, तर तिथे 1887 चा जुगारबंदी कायदा आहे. रमी मुख्यतः कौशल्याची, असं 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, पण तीन पत्त्यांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा धरलं. तेव्हा हौस असेल तर शेंगदाणे लावून खेळा, आणि पहिल्या खुर्चीत एक्का-गुलाम आला की गुमान पॅक करा.