फोन मुंबईत, मत पोलादपुरात

समजा, तुम्हाला २०२४च्या विधानसभा निवडणुकीतला महाड मतदारसंघाचा डिजिटल प्रचार अभ्यासायचाय. पहिला हात जातो मेटाच्या अ‍ॅड लायब्ररीकडे. तिथे राजकीय जाहिरातीचा अंदाजे खर्च दिसतो. पण ती कुठल्या भागात पोचली, हे राज्यापर्यंतच कळतं. महाड-पोलादपूर वेगळं काढता येत नाही. त्यात इथले कितीतरी चाकरमानी मुंबईत राहतात, नाव मात्र गावच्या मतदारयादीत. त्यांना गाठायची सोपी वाट म्हणजे गावकीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, आणि तिथले मेसेज लायब्ररीत नसतातच. म्हणून जाहिरातखर्च कमी दिसला की ‘डिजिटल प्रचार कमी’ असा निष्कर्ष काढू नका. गाव आणि मुंबई मंडळ, दोन्हीकडे मुलाखती घ्या. ग्रुपमधले मेसेज मात्र संमतीशिवाय वापरू नका.