उन्हाळ्यात पत्र्यावरचं ठिगळ का सुटतं?

भिवंडीत वळवाची सर आली आणि यंत्रमागाच्या शेडचा पत्रा गळला, की घाईत स्क्रूभोवती सिमेंट थापतात. चार उन्हं खाल्ली की ते सुटतं. का? तुम्ही म्हणाल, दोघांचं प्रसरण वेगळं. तसं नाही! पोलाद आणि काँक्रीट जवळपास सारखंच प्रसरतात, म्हणून तर आरसीसी टिकतं. रात्री २५ आणि दुपारी ६५ अंश सेल्सिअस धरा: १२ × १०⁻⁶ गुणांकाने ६ मीटरचा पोलादी पत्रा सुमारे ३ मिलिमीटर लांबतो. पत्रा सरकतो, स्क्रू खालच्या सांगाड्याला धरून जागेवरच. मधलं कडक सिमेंट तडकणारच. म्हणून तात्पुरती का होईना, ताणली जाणारी डांबरी चिकटपट्टी लावा. सकाळी, पत्रा कोरडा झाल्यावर, गंज खरवडून. भर दुपारी डांबर मऊ पडतं, शिवाय हात भाजतात. आणि सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका, तो न वाकता थेट फुटतो.