उघडलेला डबा आणि अर्धी नळी

चार वर्षांपूर्वीच्या वैशाखातली गोष्ट. जालना जिल्ह्यात माझी थोरली बहीण दिली आहे. तिच्याकडे दोन दिवसांसाठी गेलो होतो. दाजींची मोसंबीची बाग. झाडांवर लिंबाएवढी फळे धरलेली आणि विहिरीत पाणी उरलेले जेमतेम दोन तासांच्या उपशाचे. त्या आठवड्यात विजेची पाळी रात्रीची होती. बारा वाजता मोटार सुरू केली आणि दहा मिनिटांत बागेकडे जाणाऱ्या 75 मि.मी. पाईपचा एल्बो निखळून बाजूला पडला.

दाजी डगमगले नाहीत. "पाव्हणं, घाबरू नका, सोल्युशनचा डबा घरात हाय. मागच्या साली आणलेला, निम्मासुद्धा संपला नाही," असे म्हणून त्यांनी स्टार्टरच्या पेटीतून डबा काढला. झाकण निघेना. पाईप पान्याने पिळले तेव्हा निघाले. आत पाहतो तो सोल्युशनचा खरवस झालेला! भाच्याने त्यात रंगाचे थिनर ओतले आणि काडीने ढवळले. वरवर पातळ झाले. सांधा जोडला, तासभर दम धरला आणि मोटार चालू केली. पाण्याचा जोर येताच एल्बो पुन्हा निखळला. पुन्हा पुसले, पुन्हा लावले, पुन्हा तेच. पहाटेपर्यंत विहिरीतले पाणी बांधावरून गाडीरस्त्याला लागले. तालुक्याचे दुकान उघडणार दहाला. विहीर पुन्हा भरायला आणखी एक दिवस गेला. ऐन उन्हात बागेची दोन पाणी चुकली आणि त्या आठवड्यात झाडांखाली गळालेली फळे बहिणीने पाटीने गोळा केली.

मी बी.एस्सी. अॅग्रिकल्चर झालेला माणूस. खते, औषधे, बियाणे कशी साठवावीत यावर गावोगाव भाषणे दिली. पण सोल्युशनचा उघडा डबा कसा ठेवावा हे मला स्वतःला कोणी विचारले नव्हते आणि मीही कोणाला सांगितले नव्हते. तेव्हापासून या विषयात लक्ष घातले. आज शेतकऱ्याच्या घरात चिकटवण्याच्या चारपाच वस्तू तरी असतात: पाईपचे सोल्युशन, पंक्चरचे सोल्युशन, फेव्हिकॉल, फेव्हिक्विक, एमसील आणि अलीकडे सिलिकॉनची मोठी नळी. एकदा वापरून झाले की त्या सगळ्या एकाच कोनाड्यात जाऊन पडतात. पुढच्या वेळी पाहावे तर निम्म्या वाळलेल्या.

यामागचे कारण गृहिणींना लवकर कळेल. लोणचे खराब होते ते ओल आत गेल्याने आणि खोबरे वाळते ते ओल बाहेर गेल्याने. दोन्ही बरण्यांना झाकण लागते, पण कारणे उलट आहेत. चिकटद्रव्यांचेही तसेच आहे. पाईपचे सोल्युशन, पंक्चरचे सोल्युशन व फेव्हिकॉल यांतून काहीतरी उडून जाते म्हणून ती वाळतात. सिलिकॉन आणि फेव्हिक्विक हवेतली ओल शोषून घट्ट होतात. एमसील किंवा दोन नळ्यांचे एपॉक्सी मात्र दोन भाग एकत्र आले तरच घट्ट होते. आपल्या हातातली वस्तू या तिन्हीपैकी कोणत्या घरची हे ओळखले की ती कशी ठेवावी हे निराळे पाठ करावे लागत नाही.

आधी पाईपच्या सोल्युशनचे पाहू, कारण शेतकऱ्याचे खरे नुकसान तिथे होते. हे सोल्युशन म्हणजे पीव्हीसीच. ज्या पदार्थाचा पाईप, तोच पदार्थ टेट्राहायड्रोफ्युरॉन आणि त्यासारख्या झटकन उडणाऱ्या द्रावकांत विरघळवलेला असतो. ते लावले की पाईपचा आणि सॉकेटचा पृष्ठभाग किंचित विरघळतो, दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की सांधा एकजीव होतो. हे चिकटवणे नव्हे, सांधणे आहे. डबा उघडा राहिला तर तोच द्रावक डब्यातून उडतो. मग मागे उरते ते फक्त घट्ट पीव्हीसी. त्यात पाईपचा पृष्ठभाग विरघळवण्याची ताकदच उरत नाही. रंगाचे थिनर, पेट्रोल किंवा रॉकेल घालून ही ताकद परत येत नाही. दाजींच्या एल्बोचे हेच झाले. डब्यातला पदार्थ दिसायला पातळ झाला, पण पाईपला तो नुसता वरून माखला गेला.

म्हणून पहिली गोष्ट, डबा कामापुरता लहानच घ्यावा. मोठा डबा दराने स्वस्त पडतो खरा, पण निम्मा फेकून दिला की तोच महाग पडतो. दुसरी गोष्ट म्हणजे काम चालू असताना डबा उघडा ठेवू नये. आपल्याकडे पाच सांधे करायचे असले की डबा बांधावर उघडा, ब्रश त्यात उभा आणि मंडळी पाईप कापत बसतात! आधी सगळे पाईप कापून, घासून, कोरडे पुसून मांडून ठेवावेत आणि मगच झाकण काढावे. प्रत्येक सांध्यानंतर ते नुसते टेकवले तरी फरक पडतो.

काम संपल्यावर डब्याच्या तोंडाचे आणि झाकणाचे आटे फडक्याने स्वच्छ पुसावेत. आट्यांत राहिलेले सोल्युशन वाळले की त्याचेच पीव्हीसी होते आणि झाकण सांध्यासारखे पक्के बसते. किंवा आटे अर्धवट भरल्याने झाकण पुरते बसत नाही आणि वाफ हळूहळू निघून जाते. दोन्हीकडून तोटाच. अडकलेले झाकण काडी पेटवून किंवा चुलीच्या धगीवर धरून सैल करण्याची एक वाईट खोड लोकांना आहे. हा द्रावक पेट्रोलसारखा भडकतो. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या विस्तवापर्यंत पोचते. झाकण पान्यानेच काढावे, नाही निघाले तर डबा गेला असे समजावे.

डबा उभाच ठेवावा. जागा सावलीची, गार आणि वारा खेळणारी असावी. पत्र्याच्या मोटारघरात उन्हाळ्यात भट्टी होते, आणि स्टार्टरच्या पेटीत तर ठिणगी उडते. तिथे हा डबा ठेवणे म्हणजे गंजीत पेटती चिलीम ठेवण्यासारखेच. दाजींची पेटी इतकी वर्षे सुखरूप राहिली हे त्यांचे नशीब.

वापरण्यापूर्वी परीक्षा सोपी आहे. काडीने ढवळून उचलावे. काकवीसारखी अखंड धार पडली तर सोल्युशन चांगले. गोळे दिसले, थलथलीत झाले किंवा तारा ओढल्या गेल्या तर ते टाकून द्यावे. टाकायचे म्हणजे विहिरीत, ओढ्यात किंवा उकिरड्याच्या आगीत नव्हे. पीव्हीसी जळले की घसा जाळणारा आम्लाचा वायू निघतो. लांब मोकळ्या जागी, पोराढोरांपासून दूर आणि विस्तव नसेल तिथे डबा उघडा ठेवून पूर्ण वाळू द्यावा, मग कचऱ्यात टाकावा.

पंक्चरचे सोल्युशन याचेच धाकटे भावंड. त्यात रबर विरघळवलेले असते. नळीचे तोंड एकदा टोचले की झाकण लावूनही थोडी वाफ जातेच. शेपटाकडून नळी गुंडाळत आणावी, आतली हवा काढावी आणि मग टोपण लावावे. फेव्हिकॉलमधून उडते ते पाणी, त्यामुळे त्याचा धोका काही नाही. डब्यातल्या फेव्हिकॉलवर पातळ पॉलिथिनचा तुकडा टेकवून झाकण लावले की वर साय धरत नाही. किंचित घट्ट झालेल्या फेव्हिकॉलमध्ये थोडेसे पाणी चालते. इथे चालते म्हणून पाईपच्या सोल्युशनमध्ये चालेल असे मात्र समजू नये.

आता ओल शोषणारी मंडळी. सिलिकॉनची नळी गनमध्ये घालून वापरतात. काम झाल्यावर आधी गनचा दाब सोडावा, नाहीतर नळी आपोआप गळत राहते. नंतर टोकातून थोडे सिलिकॉन बाहेर काढून तसेच राहू द्यावे. ते वाळून त्याचेच बूच होते. शिवाय नोझलमध्ये एक लांब स्क्रू पिळून ठेवावा. पुढच्या वेळी स्क्रू ओढला की वाळलेला भाग त्याबरोबर निघतो. माझी पद्धत थोडी निराळी आहे. मी नोझल काढतो, नळीच्या तोंडावर पॉलिथिनचा तुकडा ठेवतो आणि त्यावरून नोझल पुन्हा पिळतो. मग नोझलमधले सिलिकॉन वाळले तरी नळीतले ओलेच राहते. तरीही पावसाळ्यात, हवा दमट असताना, उघडलेल्या नळीवर भरवसा ठेवू नये. आणि जाता जाता एक सांगतो. आंबूस, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन घराच्या जस्ती पत्र्याला किंवा सिमेंटला वापरू नये. त्यातून आम्ल सुटते आणि ते पत्र्याला खाते. त्यासाठी न्यूट्रल प्रकार मागून घ्यावा.

फेव्हिक्विकचा जीव सर्वांत नाजूक. वस्तूच्या पृष्ठभागावर असते तेवढ्या ओलीनेही ते क्षणात घट्ट होते. वापरल्यावर नळी उभी धरून हलकेच टिचकी मारावी म्हणजे टोकातला थेंब खाली उतरतो. टोक कागदाने पुसावे. सुती कापडावर हा द्रव जास्त सांडला तर कापड एकदम तापते आणि चटका बसतो. टोकात टाचणी खोचून ठेवू नये, ती तिथेच चिकटते. नव्या चपलांच्या किंवा पाण्याच्या बाटलीच्या खोक्यात सिलिका जेलची छोटी पुडी मिळते. ती घट्ट झाकणाच्या बरणीत टाकून त्यातच नळी उभी ठेवावी. काहीजण फ्रीजमध्ये ठेवतात. ठेवलीच तर ती बरणीत असावी, आणि बाहेर काढल्यावर घरातल्या हवेइतकी उबदार होईपर्यंत उघडू नये. गार नळी उघडली की आत दव धरते.

पण खरे सांगायचे तर फ्रीजला माझा विरोध आहे. माझ्या आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तेव्हा डोळ्यांत घालायचे थेंब आम्ही कोनाड्यात ठेवत होतो. त्याच कोनाड्यात फेव्हिक्विकची नळी होती. आकार तेवढाच, टोक तसेच निमुळते. दुपारी आई अंदाजाने हात घालून नळी उचलत होती. नात जवळ अभ्यासाला बसली होती. "आजी, ते औषध नाही," ती ओरडली म्हणून निभावले. सगळ्यांचे असे निभावत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे या चुकीची माणसे येतात, आणि त्यांत म्हातारी माणसे व लहान मुलेच जास्त. चुकून थेंब पडलाच तर पापण्या ओढून उघडू नयेत, डोळा चोळू नये. भरपूर स्वच्छ कोमट पाण्याने डोळा धुवावा आणि तडक डोळ्यांच्या दवाखान्यात जावे. नखरंग पुसण्याचा द्रव डोळ्याजवळ नेऊ नये.

एमसील आणि दोन नळ्यांचे एपॉक्सी यांना सर्वांत कमी जपावे लागते. दोन्ही भाग वेगवेगळे गुंडाळावेत आणि एकाचे टोपण दुसऱ्याला कधी लावू नये. टोपणांची अदलाबदल झाली की नळी कायमची बंद. थंडीत नळीतले राळ दाणेदार झाले तर टोपण लावलेली नळी गरम पाण्यात धरावी, बहुधा ते पुन्हा पातळ होते.

हे सारे ठेवायला आमच्या घरी आता पत्र्याचा एक जुना डबा आहे. तो ओसरीवरच्या उंच फळीवर असतो, औषधांपासून आणि चुलीपासून लांब. नळी उघडली त्या दिवसाची तारीख चिकटपट्टीवर लिहून तिला लावतो. पाईपचे सोल्युशन मात्र त्या डब्यात नाही. ते वेगळे, गोठ्याच्या वळचणीला सावलीत. दर अक्षयतृतीयेच्या सुमारास, उन्हाळी पाण्याची ओढ वाढण्याआधी, मी ते काडीने ढवळून पाहतो. दाजींनीही तसेच सुरू केले आहे. गेल्या वर्षी त्यांचा फोन आला, "पाव्हणं, धार तुटतीया." मी म्हटले, आजच बाजार आहे, नवा डबा घेऊन या.