साखरपुड्याची अंगठी : हिराच हवा का?

साखरपुडा ठरला की दोन्ही घरांतील बोलणी हल्ली अंगठीपाशी येऊन अडतात. हिरा किती सेंटचा, यावरून व्याह्यांची पत मोजली जाते. ही जणू पिढीजात रीत आहे असा समज रूढ झाला असला, तरी हिरा म्हणजे अक्षय प्रेम ही कल्पना द बिअर्स कंपनीच्या जाहिरातींनी रुजविली. त्यांचे गाजलेले घोषवाक्य १९४७ सालचे आहे.

आता प्रयोगशाळेत घडविलेला हिरा पुढे आला आहे. रासायनिकदृष्ट्या तो हिराच. भिंगानेही सहसा फरक कळत नाही, यंत्रावर तपासावा लागतो. परंतु त्याचे भाव इतके घसरले, की द बिअर्सने २०१८ साली सुरू केलेला अशा हिऱ्यांच्या दागिन्यांचा व्यवसाय २०२५ मध्ये बंद करण्याचे जाहीर केले. हौस म्हणून तो जरूर घ्यावा. पुंजी म्हणून नव्हे. खाणीतल्या हिऱ्यालाही मोडताना घट सोसावी लागतेच. सोनेतारण कर्ज देताना बँक खड्याचे वजन वजा करून निव्वळ सोनेच धरते, हे व्यापारी घरांना वेगळे सांगायला नको.

रंगीत खड्यांत नीलम व माणिक टिकाऊ. हिऱ्याचे काठिण्य १०, तर यांचे ९. इंग्लंडच्या राजघराण्यात १९८१ साली डायनाला मिळालेली नीलमची अंगठी २०१० मध्ये सुनेच्या बोटात आली. आपल्याकडे मात्र नीलम म्हटला की शनी आठवतो. मुलीकडच्यांना आधी विचारलेले बरे. पाचू नाजूक असतो, रोजच्या वापरात जपावा लागतो. मोती तर शिंपल्यातील जीवाला इजा करून मिळतो, म्हणून अनेक जैन घरांत तो वर्ज्यच आहे.

आजीच्या पाटलीचे सोने आटवून घडविलेले साधे वळे हाही उत्तम पर्याय आहे. त्यात घडणावळीखेरीज फारसे काही जात नाही आणि आजीची आठवण बोटात राहते.

निवड कोणतीही असो, खडा प्रयोगशाळेतला असल्यास ते व्याह्यांना देण्यापूर्वीच सांगावे. पुढे एखाद्या पेढीवर ते उघडकीस आले, तर किमतीपेक्षा लपविल्याचे शल्य अधिक सलते आणि त्याची झळ नव्या सुनेला सोसावी लागते. पावती व खड्याचे प्रमाणपत्र तिच्याच हाती द्यावे. अंगठी तिचे स्त्रीधन आहे. सोन्यावरील सहा अक्षर-अंकी हॉलमार्क क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर दुकानातच पडताळून घ्यावा.