धारेची गोष्ट : लेखांक ९ – वाळूतून निघालेलं पातं

मागच्या लेखांकात आपण ऊसतोडीच्या कोयत्यापाशी थांबलो होतो. तापलेल्या पात्याला पाणी पाजताना लोहाराची सगळी कसोटी लागते. पातं फार कडक झालं तर बांधावरच्या दगडाला लागून त्याचा टवका उडतो, मऊ राहिलं तर दुपारपर्यंत धार जाते. कडकपणा आणि चिवटपणा यांची ही ओढाताण हत्याराइतकीच जुनी आहे. आज ती सगळ्यात ताणली गेलेली जागा पाहू : सिगारेट बनवणारं यंत्र, आणि त्यात बसणारं सिरॅमिकचं पातं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. तंबाखूनं कर्करोग होतो, माणसं मरतात, आणि या लेखाचा हेतू त्या धंद्याचं कौतुक करण्याचा नाही. पण अतिशय वेगानं, अतिशय स्वच्छ कापायचं कसं, हा प्रश्न ज्या यंत्रांनी टोकाला नेला त्यात या यंत्राचा नंबर वरचा आहे, आणि तिथं मिळालेलं उत्तर कागदापासून दातांपर्यंत उपयोगी पडतंय. म्हणून ते समजून घ्यायला हवं.

सातारा-सांगलीच्या वाचकाला तंबाखू परकी नाही. निपाणीच्या भोवताली, कोल्हापूर, सांगली, साताऱ्यापर्यंत पसरलेल्या पट्ट्यात पिकते ती विडीची तंबाखू. ती कापत नाहीत. वाळलेलं पान चुरतात, चाळतात आणि त्याचा जर्दा विडीत भरतात. विडीच्या धंद्यातलं खरं पातं म्हणजे तेंदूचं पान मापात कापणारी बाईच्या हातातली कात्री. मजुरी हजार विड्यांवर, त्यामुळे कात्रीची धार गेली की हात मंदावतो आणि दिवसाची कमाई घटते. सिगारेटची तंबाखू वेगळी, मुख्यतः आंध्र आणि कर्नाटकातली व्हर्जिनिया. ती दाबून, वड्या केल्यासारखी घट्ट करून, फिरत्या पिंपावरच्या पात्यांनी मिलिमीटरहून बारीक धाग्यांत कातरतात. पुढं कागदात गुंडाळलेली कांडी कापायची, फिल्टर कापायचा, फिल्टरवरचा कागद कापायचा. विडीला जिथं एक कात्री पुरते तिथं सिगारेटला पात्यांची रांग लागते.

या यंत्राचं मर्म समजायला परदेशातल्या कारखान्यात जायची गरज नाही. गोठ्यातली कडबाकुट्टी बघा. दातेरी रूळ कडबा पुढं ढकलतात, चाकाला जोडलेलं पातं फिरत येतं, आणि कडब्याला खालून एक स्थिर पट्टी आधार देते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगराच्याही आधी अशी कडबा कापायची यंत्रं बनवली. पुढं औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जागा दिली आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, किर्लोस्करवाडी सांगलीत. शेतकऱ्याच्या दारात फिरतं पातं आणि स्थिर पट्टी नेऊन ठेवणाऱ्यांत ही वाडी अग्रभागी होती.

कडबाकुट्टी वापरणाऱ्या प्रत्येकाला दोन गोष्टी अनुभवानं ठाऊक असतात. पातं आणि पट्टी यांतली फट वाढली की कितीही धार लावा, कडबा कापला जात नाही, वाकतो आणि अडकतो. दुसरी गोष्ट म्हणजे ज्वारीचा कडबा पातं खातो. ज्वारीच्या ताटात वाळूचाच घटक असलेली सिलिका असते आणि ती पोलादाला कानशीसारखी घासते. सिगारेटच्या यंत्रातही नेमक्या याच दोन अडचणी आहेत, फक्त वेग वेगळा.

तो वेग कसा वाढला? अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या जेम्स बॉन्सॅकला १८८१ साली त्याच्या यंत्राचं पेटंट मिळालं. तोवर कुशल कामगार हातानं दिवसाला सुमारे तीन हजार सिगारेटी वळायचा. हे यंत्र दहा तासांत लाखाच्या वर काढू लागलं. एकेक सिगारेट वळायचं सोडून बॉन्सॅकनं न संपणारी एक लांब कांडी केली आणि फिरत्या पात्यानं तिचे तुकडे पाडले. म्हणजे वळण्याचं काम कापण्याच्या कामात बदललं. तेव्हापासून यंत्राच्या वेगावर पात्याचा लगाम आहे.

आजच्या यंत्राचा हिशेब मांडू. मिनिटाला दहा हजार सिगारेटी धरा. सर्वांत वेगवान यंत्रं याच्याही पुढं गेली आहेत. एका सिगारेटमधला तंबाखूचा भाग साधारण साठ मिलिमीटर. म्हणजे कांडी मिनिटाला सहाशे मीटर, ताशी ३६ किलोमीटर वेगानं धावते आहे. ती थांबवून कापायची सोय नाही. म्हणून पात्याच्या चकतीचा आस किंचित तिरपा ठेवतात, जेणेकरून कापण्याच्या क्षणी पातं कांडीबरोबरच, तिच्याच वेगानं पुढं सरकतं आणि छेद काटकोनात पडतो. कांडीला दोन्ही बाजूंनी नळीचा आधार असतो आणि नळीतल्या फटीतून पातं जातं. ही झाली आपली कडबाकुट्टीची पट्टी. बहुतेक यंत्रांत एका घावात दुप्पट लांबीचा तुकडा पडतो. तो मध्ये कापून दोन सिगारेटी होतात. तरी सेकंदाला ऐंशीहून अधिक घाव, आणि आठ तासांच्या पाळीत चोवीस लाख.

एवढ्या घावांत पातं झिजतं ते तंबाखूपेक्षा तिच्याबरोबर येणाऱ्या गोष्टींमुळे. पानावर शेतातली धूळ असते. सिगारेटच्या कागदात वजनाच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतका खडू असतो, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. फिल्टरच्या कागदाला डिंक, फिल्टरच्या धाग्यांना मऊ करणारं रसायन, आणि या सगळ्याचा चिकट लेप धारेवर बसतो. म्हणून कांडी कापणाऱ्या पोलादी पात्याला यंत्रातच फिरते दगड लावलेले असतात. पातं फिरता फिरता त्यांना घासून जातं, झिजेल तसं आपोआप थोडं थोडं पुढं सरकवलं जातं. धार लावण्यातच पात्याचं आयुष्य संपतं. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते, कारण ती पोलादाचा दुबळेपणा मान्य करूनच बेतली आहे.

सिरॅमिक तिथं आलं जिथं असा दगड लावायला जागा नाही किंवा सतत घासणं परवडत नाही : कागद कापणारी छोटी पाती, फिल्टर कापणाऱ्या गोल चकत्या. यातलं मुख्य सिरॅमिक म्हणजे झिर्कोनिया. हत्याराच्या कडक पोलादाचा कठीणपणा विकर्स मोजणीत सातशे-आठशे भरतो, झिर्कोनियाचा बाराशेच्या वर. टंगस्टन कार्बाइड याहूनही कठीण, पण जड. पोलादाची घनता ७.८, कार्बाइडची चौदा-पंधरा, झिर्कोनियाची सहाच्या आसपास. वेगानं फिरणाऱ्या पिंपावर हा फरक मोठा असतो, कारण वजन जितकं कमी तितका बाहेर फेकणारा जोर कमी. शिवाय झिर्कोनिया गंजत नाही आणि डिंक त्याला धातूइतका घट्ट चिकटत नाही.

पण कडक वस्तू ठिसूळ असते, हे लोहाराला माहीत असलेलं सत्य इथंही उभं राहतं. झिर्कोनिया म्हणजे झिर्कोनियमचं ऑक्साइड; ते मूलद्रव्य १७८९ साली क्लाप्रोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं सिलोनच्या झिरकॉन खड्यात ओळखलं. हेच झिरकॉन आपल्याकडे केरळात चवऱ्याच्या आणि तमिळनाडूत मनवलकुरिचीच्या समुद्रकाठच्या वाळूत सापडतं. त्यापासून केलेला शुद्ध झिर्कोनिया मात्र पात्याला निरुपयोगी. भट्टीतून थंड होताना सुमारे ११७० अंशांना त्याच्या स्फटिकांची रचना बदलते, ते चार-पाच टक्के फुगतात आणि वस्तू स्वतःच तडकते. त्यात यिट्रिया नावाचं दुसरं ऑक्साइड रेणूंच्या हिशेबात तीन टक्के मिसळलं की गरम असतानाची रचना थंड झाल्यावरही टिकून राहते.

यातला खरा चमत्कार १९७५ साली ऑस्ट्रेलियातल्या गार्व्ही, हॅनिंक आणि पॅस्को या तिघांनी ‘नेचर’मध्ये मांडला. अडवून धरलेले हे स्फटिक फुगायला टपलेलेच असतात. धारेत एखादी बारीक चीर शिरू लागली की तिच्या टोकावरचा ताण त्यांना मोकळं करतो, ते तिथल्या तिथं फुगतात आणि चिरेला दोन्हीकडून दाबून बंद करतात. सैल झालेल्या कुऱ्हाडीचा दांडा पाण्यात भिजवून फुगवतात आणि तो पकड घेतो, तसं हे पातं स्वतःच स्वतःला आवळून धरतं. सदा घातक ठरलेला दोष चिवटपणासाठी वापरला गेला, याचं मला आजही नवल वाटतं.

तरीही पोलादाइतकं चिवट ते होत नाही, आणि हे विसरणाऱ्याचं नुकसान होतं. कोयता वाकला तर ठोकून सरळ करता येतो. सिरॅमिकचं पातं वाकत नाही, थेट मोडतं. बेअरिंगमध्ये थोडा खेळ असला, पातं बसवण्याची जागा किंचित वाकडी असली, बोल्ट कमी-जास्त आवळला, तर पोलाद ते सहन करतं आणि सिरॅमिक पहिल्या पाळीतच टवका टाकतं. आणखी एक धोका बोलून दाखवला जात नाही. पोलादाचा तुकडा मालात गेला तर लोहचुंबक आणि धातुशोधक त्याला पकडतात. झिर्कोनिया धातूही नाही आणि चुंबकाला दादही देत नाही. जिथं पात्याचा कण मालात जाणं अजिबात चालणार नाही, तिथं सिरॅमिक बसवण्याआधी दहादा विचार करायला हवा, मग ते पातं कितीही टिकाऊ असो.

साताऱ्याच्या, मिरजेच्या, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींतल्या कारागिरांना पोलादाचं पातं घासून देणं हातचं काम आहे. सिरॅमिक वेगळी सवय मागतं. पूड साच्यात दाबायची, कच्चा तुकडा चौदाशे-पंधराशे अंशांना भाजायचा. भाजताना तो लांबी-रुंदीत सुमारे पाचवा हिस्सा आकसतो, म्हणून साचा सुमारे पाव हिश्शानं मोठा धरायचा. नंतर त्याला फक्त हिऱ्याचं चाक लागू पडतं, तेही भरपूर पाणी सोडत, सावकाश. भट्टी या भागाला नवी नाही; कराडजवळ ओगलेवाडीत १९१६ पासून काच वितळत होती आणि तिथला प्रभाकर कंदील घरोघरी जळत होता. जे नवं आहे ते मोजमाप : मायक्रॉनमध्ये फट बघायची, धारेची कड भिंगाखाली तपासायची, आणि पातं बसवण्याआधी यंत्राचा खेळ काढायचा. हे शिकलेला कारागीर फक्त तंबाखूच्या यंत्रावर अवलंबून राहत नाही. प्लास्टिकच्या फिल्मच्या पट्ट्या पाडणाऱ्या, कागद कापणाऱ्या यंत्रांनाही अशी पाती लागतात, आणि दंतवैद्य दातावर जी पांढरी कॅप बसवतो ती अनेकदा याच यिट्रिया मिसळलेल्या झिर्कोनियाची असते.

पुढच्या आठवड्यात हिऱ्याच्या चाकाबद्दल : सिरॅमिकला धार लावणारा हिरा स्वतः कसा झिजतो, आणि चाकातल्या हिऱ्याच्या कणांना धरून ठेवायला कधी राळ, कधी धातू का वापरतात.